कॉफीची गाळणी

बल्लारशा हें चांद्याच्या जंगल मुलखांतील जुन्या गोंड राजधानीचें गांव. १९२९ मध्यें काझीपेट–बल्लारशा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली व मद्रास थेट जोडलीं गेलीं, आणि कॉफी पिणारीं दक्षिणेकडील माणसें या स्थानकावरून जाऊं येऊं लागलीं. पुढें १९८२ मध्यें चंद्रपुरापासून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. परंतु दोन्हींकडील घरांत राज्य राहिलें तें चहाचेंच. कॉफी करावयाची झाल्यास तीहि चहासारखी, पूड पाण्यांत खळखळ उकळून. मग ती कडू लागली कीं दोष बियांवर येतो. वस्तुतः दोष बहुधा उकळण्याचा असतो.

कॉफीच्या पुडींतील आंबटगोड चवीचीं द्रव्यें पाण्यांत लवकर उतरतात. कडू व तुरट द्रव्यें मागाहून येतात. उकळत ठेवल्यानें सुवास उडून जातो व कडूपणा तेवढा उरतो. दक्षिणेंतील पितळेच्या दुमजली गाळणींत म्हणूनच पूड उकळीत नाहींत. तिच्यावर कढत पाणी ओतून अर्क थेंबाथेंबानें खालीं उतरूं देतात.

युरोपांत या कामीं मोठी सुधारणा केली ती एका गृहिणीनें. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं राहणाऱ्या मेलिटा बेंट्स या बाईंस कॉफीचा कडूपणा व पेल्यांतील गाळ सहन होईना. त्यांनीं पितळेच्या भांड्याच्या बुडास खिळ्यानें भोंकें पाडलीं व मुलाच्या वहींतील टिपकागद त्यांत बसविला. २० जून १९०८ रोजीं या गाळणीचें पेटंट नोंदलें गेलें; त्याच वर्षअखेर अवघ्या ७३ फेनिग भांडवलावर त्यांचा धंदा सुरू झाला.

ही कृति घरीं सहज साधते. प्रथम कागदावर कढत पाणी ओतून तें टाकून द्यावें, म्हणजे कागदाचा वास जातो. बारीक रव्याहून किंचित् जाड दळलेली १५ ग्रॅम पूड घ्यावी व पाणी सुमारें २४० ग्रॅम. उकळी आल्यावर पाणी अर्धा मिनिट थांबवावें. पहिल्यानें ३० ग्रॅमच पाणी घालून पूड भिजवावी. भाजणींत कोंडलेला वायु बुडबुड्यांनीं निघून जातो. अर्ध्या मिनिटानंतर उरलेलें पाणी बारीक धारेनें, मध्यापासून गोल फिरवीत ओतावें. सारें तीन मिनिटांत उतरावें. लवकर उतरून आंबट लागल्यास पूड अधिक बारीक दळावी. रेंगाळून कडू झाल्यास जाड.

पाण्याकडेहि लक्ष हवें. किटलीस पांढरा थर धरणारें जड पाणी कॉफीचा आंबटगोडपणा मारून टाकतें. असें पाणी आधीं उकळून निवळूं द्यावें व वरचें तेवढें घेऊन पुन्हां तापवावें. जडपणा बराच कमी होतो.

चवीविषयीं गृहिणीची कुरकुर घरांत पुष्कळदां हंसण्यावारी नेली जाते. ड्रेस्डेनच्या त्या स्वयंपाकघरांत ती तशी नेली गेली असती, तर ही गाळणी जन्मासच आली नसती.