नाशिकच्या टपाल-तिकिटांतील मुद्रणभेद : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मराठीच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. नकलाकारांच्या हातून शिरलेले पाठभेद दूर करण्याचा तो यत्न होता. छपाई आल्यावर असे भेद संपले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु छापील वस्तूही मूळ आराखड्यापासून कागदापर्यंत अनेक टप्प्यांतून जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर तिच्यात काही भर वा घट होऊ शकते. टपालाचे तिकीट हे याचे उत्तम उदाहरण होय. अंकीय सूक्ष्मदर्शकामुळे या भेदांची तपासणी आता अभ्यासकाच्या मेजावर होऊ शकते. या साधनाने मिळणाऱ्या पुराव्याचे मोल कसे ठरवावे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

सिन्नरहून पुणे रस्त्याने नाशिककडे निघाले की नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय लागते. १८५५ पासून भारताची तिकिटे लंडनच्या डी ला रू या कंपनीकडून छापून येत. नाशिकरोड येथे १९२५ मध्ये मुद्रणालय स्थापन झाले आणि १९२६ पासून तेथील तिकिटे प्रचारात आली. हा पालट कागदातही उमटला. लंडनच्या तिकिटांवर एकेका ताऱ्याचे जलचिन्ह असे, तर नाशिकच्या कागदावर अनेक तारे ओळीने येतात.

या मुद्रणालयाच्या आरंभीच्या दोन मालिका आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली, ऑक्टोबर १९२९ मधील हवाई टपालाची. तिच्या काही तिकिटांवर चित्रातील झाडाचा शेंडा नाहीसा झालेला आढळतो. काहींवर देशनामातील दुसऱ्या रोमन ‘आय’चा सेरिफ, म्हणजे अक्षरदंडाच्या टोकाची बारीक रेघ, उलट दिशेस वळलेला आहे. दुसरी मालिका फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त निघाली. तिच्यातील पाव आण्याच्या तिकिटावर पुराना किल्ल्याचे चित्र आहे. त्या नावाचे आद्याक्षर ‘पी’ असावयाचे, ते एका भेदात ‘एफ’ असे वाचले जाते.

हा दोष कोणाचा? इतर तिकिटांवर ‘पी’ शुद्ध आहे. तेव्हा मूळ आराखडा लिहिणाऱ्याचा हा प्रमाद नव्हे, हे उघड आहे. दोन्ही मालिका शिळाछापाच्या पद्धतीने छापलेल्या होत्या. त्या पद्धतीत एकाच चित्राच्या अनेक प्रती मोठ्या पत्र्यावर उतरविल्या जातात. उतरविण्यापूर्वीचा दोष सर्व तिकिटांत दिसेल. उतरविताना एका जागी घडलेला दोष प्रत्येक ताव्यावर त्याच जागी पुनःपुन्हा येईल. छपाईच्या क्षणी शाईत पडलेल्या कस्पटाचा दोष मात्र काही ताव्यांपुरताच राहील. हस्तलिखितांच्या वंशवृक्षात मूळ पोथी, मधली प्रत आणि अखेरची नक्कल यांच्या चुका आपण याच न्यायाने वेगळ्या करतो.

आता साधनाविषयी. छपाईची पद्धत ओळखण्यास सूक्ष्मदर्शक फारच उपयोगी पडतो. ठशाच्या छपाईत शाई दाबाने कडेस सरकते आणि अक्षराभोवती गडद किनार दिसते. शिळाछापात शाईचा थर सपाट असतो. १९५२ च्या संतकवींच्या मालिकेपासून नाशिकला फोटोग्रॅव्ह्युअर पद्धत आली. तिच्यात संपूर्ण चित्र बारीक जाळीने विभागलेले दिसते. मात्र पडद्यावरील मोठेपणा पडद्याच्या आकारावर अवलंबून असतो. म्हणून तिकिटाशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवूनच छायाचित्र घ्यावे. प्रकाश एकदा वरून व एकदा बाजूने, अगदी तिरपा, पाडावा. गोंदेश्वराच्या परिसरात वा अन्यत्र झिजलेला शिलालेख वाचताना आपण सकाळचा तिरपा प्रकाश साधतो, त्याचेच हे लहान रूप होय.

प्रस्तुत लेखकास या शिस्तीची किंमत स्वतःच्या चुकीने कळली. सिन्नर येथील एका जुन्या पत्रव्यवहारात हवाई टपालाचे एक तिकीट आढळले. मोठे करून पाहता त्यावरील ‘आय’चा सेरिफ उलटा वाटला, आणि तशी नोंदही वहीत झाली. पुढे तिरप्या प्रकाशात पाहिले असता तेथे कागदाचा एक तंतू वर आलेला होता व त्यावर टपालशिक्क्याची शाई बसली होती. अक्षर निर्दोष होते. पडद्यावरील स्पष्ट चित्राने मन वळविले होते. तुलना केलीच नव्हती.

म्हणून नियम असा ठेवावा : एका तिकिटावर दिसलेला फरक ही केवळ नोंद, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन प्रतींत तोच फरक तसाच आढळला तर तो भेद, आणि ताव्यावरील त्याचे स्थान निश्चित झाले म्हणजे त्याची उत्पत्ती सांगता येते. या क्रमातील पहिल्या पायरीवरच सूक्ष्मदर्शक आपणांस पोचवितो. पुढील काम तुलनेचे आहे.

हा विषय केवळ संग्राहकांच्या हौसेचा नाही. चित्रे पत्र्यावर उतरविणाऱ्या कारागिरांची नावे तिकिटावर नसतात. त्यांच्या हाताची खूण अशा भेदांतच उरते. ती कस्पटाच्या खुणेशी मिसळू न देणे, हे या तपासणीचे पहिले कर्तव्य होय.