प्रस्तावना : दुप्पट विरजण, निम्मा वेळ नव्हे

दुधात एकाऐवजी दोन चमचे विरजण घातले, तर दही निम्म्या वेळात लागेल का? पहिल्या तासाला हा प्रश्न विचारला की वर्गातले बरेच हात होकारासाठी वर जातात. पण दुप्पट जीवाणूंनी सुरुवात केल्यावर वाचतो तो फक्त एका दुपटीचा वेळ. दुप्पट व्हायला अर्धा तास लागत असेल, तर दही जेमतेम अर्धा तास आधी लागेल. तेच पातेले थंडीत उबेला ठेवा. वाढीचा दरच बदलतो आणि तासांचा फरक पडतो. आरंभीची संख्या आणि वाढीचा दर या गोष्टी नुसत्या नजरेला एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. अवकल समीकरण त्या सुट्या करून दाखवते.

सर्वांत साधे समीकरण एवढेच सांगते, की संख्या बदलण्याचा वेग त्या क्षणीच्या संख्येच्या प्रमाणात असतो. ई. कोलाय हा जीवाणू भरपूर अन्न आणि ऊब मिळाली तर 20 मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीचे वजन ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग धरला, तर दिवसभरातल्या 72 दुपटींनंतर ते सुमारे 4,700 टन भरेल आणि दुसऱ्या दिवसअखेर पृथ्वीच्या काही हजार पट! असे कधी घडत नाही. म्हणजे समीकरणात काहीतरी यायचे राहिले आहे, आणि ते शोधण्यातच या विषयाची सारी गोडी आहे.

बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट यांनी 1838 मध्ये माणसांच्या लोकसंख्येसाठी वाढीला आवर घालणारे एक पद जोडले. 1911 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर मॅकेंड्रिक आणि एम. केशव पै परीक्षानळीतल्या जीवाणूंवरून त्याच समीकरणाशी पोचले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : वाढीचा वेग जीवाणूंच्या संख्येवर आणि उरलेल्या अन्नावर, दोन्हींवर अवलंबून असतो. केशव पै हे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावर क्वचितच पडते, याची मला खंत वाटते.

माझा जीव मात्र सर्वाधिक रमतो तो जाक मोनो यांच्या आलेखांत. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ते जीवाणूंना एकाच वेळी दोन साखरा देऊन वाढ मोजत होते. ग्लुकोजच्या जोडीला काही विशिष्ट साखरा दिल्या की वाढीची रेषा चढे, मध्येच आडवी होई आणि पुन्हा चढू लागे. जीवाणू आधी ग्लुकोज संपवत, थोडा वेळ थबकत आणि मग दुसऱ्या साखरेकडे वळत. घाईतल्या माणसाने ती सपाट जागा मोजमापातली चूक म्हणून सोडून दिली असती. मोनो तिथेच थांबले. पेशी गरजेनुसार जनुके चालू-बंद कशी करते, हे पुढे त्याच वाटेने उलगडले आणि 1965 चे नोबेल पारितोषिक जाकोब, ल्वॉफ आणि मोनो यांना मिळाले.

या पुस्तकासाठी बारावीचे कलनशास्त्र पुरेल. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी समीकरणांना बिचकू नये. प्रत्येक पद कोणत्या घटनेतून आले ते मी आधी सांगितले आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांना विनंती, की सूक्ष्मदर्शकाची प्रकरणे ओलांडून पुढे जाऊ नका.

आणि पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आज रात्री दोन वाट्यांत सारखेच कोमट दूध घ्या. एकीत एक चमचा विरजण, दुसरीत दोन. दर अर्ध्या तासाने वाटी किंचित कलती करून पाहा आणि वेळ वहीत टिपून ठेवा. पान 1 वरचा आलेख त्याच आकड्यांनी भरायचा आहे.