मुद्देमाल खोलीतला गांजा

पोलीस ठाण्यात अकरा वर्षं मी मुद्देमाल कारकून होतो. खोली दहा बाय बाराची, खिडकी एकच, तीही पत्रा ठोकून बंद केलेली. खाली चोरीच्या सायकली, हातभट्टीचे कॅन, कोयते. वर फळीवर लाखेचं सील मारलेली गांजाची पोती. पहिल्या पावसाळ्यात त्यांचा वास असा उग्र, की नवीन शिपायाला वाटावं आत काहीतरी मेलंय. चौथ्या पावसाळ्यात त्याच पोत्याला जुन्या कडब्याचा वास.

एकदा पंचनाम्यात २० किलो लिहिलेला माल कोर्टात सव्वासतरा भरला. आरोपीचे वकील माझ्याकडं वळले, "हवालदार, पावणेतीन किलो कुठं गेला?" म्हटलं, "साहेब, वाळला." कोर्ट हसलं. खरं तेच सांगितलं होतं. माल ओला पकडलेला, पाणी उडालं. वजनाचं कोडं सोपं असतं. जोर कुठं जातो, ते निवृत्तीनंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं.

इंग्रज सरकारला हीच चिंता माझ्या शंभर वर्षं आधी होती, फक्त त्यांना माल विकून कर घ्यायचा होता. बंगालच्या राजशाही जिल्ह्यातलं नौगाव (आज ते बांगलादेशात आहे) हे या पिकाचं मोठं ठाणं. नर झाडं जाणकार माणूस आधीच उपटून टाकी, म्हणजे मादीच्या तुऱ्यात बी धरत नसे आणि राळ वाढे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी. मग उन्हं खाल्लेले तुरे पायांनी तुडवायचे, दाबायचे. राळेनं ते एकमेकांना चिकटत. सपाट दाबलेला तो चपटा, वळलेला तो गोल, सुटा चुरा तो चूर. चुरात काड्या नाहीत, म्हणून त्यावर कर सर्वांत जास्त. सरकारी हिशेब असा काडीपर्यंत जाई! मग माल गोल्यात, म्हणजे कोठारात, कुलूपबंद.

१८९३ साली गांजा-भांग-चरसाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, १८९४ साली सात खंडांत अहवाल आला. हजारावर साक्षीदार. त्यांना पाठवलेल्या प्रश्नावलीत एक प्रश्न थेट माझ्या खोलीतलाच होता: ठेवून ठेवून माल खराब होतो का, साध्या निगराणीत किती दिवस टिकतो, बिघाड कशानं होतो, तो थांबवता येतो का? मुंबई इलाखा, मध्य प्रांत, वऱ्हाड इथल्या लोकांनाही हेच विचारलं. कुणीतरी कोठाराची किल्ली सांभाळणाऱ्याचा विचार केला होता, हे वाचून मला बरं वाटलं.

खरं उत्तर रसायनशाळेतून आलं, तेही वळणावळणानं. १८९६ साली केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसातून कॅनाबिनॉल वेगळं केलं आणि पुष्कळ वर्षं तेच मुख्य द्रव्य समजलं गेलं. नशा आणणारं टीएचसी शुद्ध रूपात हाती आलं १९६४ साली, इस्रायलमध्ये गाओनी आणि मेकूलाम यांच्या. मग उलगडलं: हवेतला प्राणवायू टीएचसीचं हळूहळू कॅनाबिनॉल करतो. म्हणजे केंब्रिजवाल्यांच्या बाटलीत बहुतांशी मालाचं म्हातारपण भरलेलं होतं.

पुढे लंडनच्या फेअरबर्न यांनी १९७६ साली दाखवलं, की सगळ्यांत मोठा शत्रू उजेड. फूल न चुरडता अंधारात ठेवलं, तर राळेच्या बारीक गाठी शाबूत राहतात आणि त्याच डबीचं काम करतात. माझी पत्रा ठोकलेली खिडकी म्हणजे नकळत झालेलं शास्त्र. तरीही साध्या खोलीच्या तापमानात ठेवलेल्या मालातलं टीएचसी चार वर्षांत सुमारे ४१ टक्के कमी झाल्याचं मिसिसिपी विद्यापीठातल्या रॉस आणि एलसोहली यांच्या मोजणीत आढळलं. गांजाचा अर्क विकणाऱ्या औषधवाल्यांनाही पूर्वी हाच काच होता. एका बाटलीत जोर, दुसरीत नुसतं पाणी. ब्रिटिश औषधकोशानं १९३२ साली गांजाचा अर्क वगळला.

टिकवण्याचा विक्रम मात्र चीनच्या वाळवंटातला. तुर्फानजवळ यांघाईच्या दफनभूमीत सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात ७८९ ग्रॅम गांजा मिळाला, अजून हिरवट. कोरड्या मातीनं रंग राखला. २००८ साली तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा आत सापडलं ते मुख्यतः कॅनाबिनॉल.

आमच्याकडं १९८९ नंतर कायद्यानं खटला संपायच्या आधीच माल नष्ट करायची सोय झाली. मी शेवटचा हजर होतो तो एका भट्टीवर. पंच, फोटोग्राफर, वजनकाटा, सगळं रीतसर. सात वर्षं जुनी पोती आत गेली. तरणे शिपाई वाऱ्याच्या दिशेला सरकून उभे राहिले, एकमेकांना कोपरखळ्या मारत. अर्ध्या तासानं त्यातला एक कुरकुरला, "भाऊ, हे तर नुसतं गवत जळतंय."