जुन्या व्ही-ट्विन इंजिनांचा तोल

व्ही-ट्विन इंजिनात दोन सिलिंडर एकमेकांशी कोन करून बसतात आणि दोन्हींचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर काम करतात. ही पिन दोन जड फ्लायव्हीलांच्या मध्ये पकडलेली असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटरसायकलवाल्यांनी ही रचना उचलली ती सोयीसाठी. सायकलीसारख्या अरुंद चौकटीत दुसरा सिलिंडर असा तिरका टाकला तरच मावत होता, आणि क्रँककेस, फ्लायव्हीलची चाके, पिन हा एका सिलिंडरचा सरंजाम जवळपास तसाच चालत होता. स्प्रिंगफिल्डच्या ‘इंडियन’ने १९०७ मध्ये ४२ अंशांचे इंजिन विक्रीला आणले. मिलवॉकीच्या हार्ले-डेव्हिडसनचे ४५ अंशांचे इंजिन १९०९ मध्ये आले. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीवर उघडत, ते नीट चालेनात म्हणून हे इंजिन मागे घ्यावे लागले आणि १९११ मध्ये कॅमने उघडणाऱ्या व्हॉल्व्हसह परतले. पुढे या कंपनीच्या मोठ्या इंजिनांत अनेक दशके हाच कोन राहिला.

जागा मिळाली, पण थरथर आली. क्रँकपिन आणि रॉडचे खालचे टोक गोल फिरतात. त्यांच्या समोर तेवढेच वजन ठेवले की ते पूर्ण तोलले जातात. पिस्टन मात्र सरळ रेषेत ये-जा करतो आणि त्याच्यासमोर ठेवलेले वजन गोल फिरते. त्यामुळे एका दिशेचा धक्का कमी केला की दुसऱ्या दिशेला नवा उभा राहतो. ये-जा करणाऱ्या वजनाचा जेवढा हिस्सा फ्लायव्हीलच्या चाकांत तोलला जातो त्याला बॅलन्स फॅक्टर म्हणतात.

एकूण ये-जा करणाऱ्या वजनाचे बळ १०० धरले, तर काहीच न तोललेल्या ४५ अंशांच्या इंजिनात साधारण ८५ धक्का वर-खाली आणि १५ मागे-पुढे असतो. निम्मे वजन तोलले की दोन्ही दिशांना ३५-३५ उरतो. ६० टक्के तोलले तर वर-खाली २५ आणि मागे-पुढे ४५. हार्लेच्या कारागिरांत हाच ६० चा आकडा रूढ झाला. स्वाराला अधिक बोचतो तो वर-खाली हिसका. मागे-पुढे जाणारा लांब चौकट बराचसा पचवते, हा अनुभव त्यामागे होता. इंग्लंडमधील स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंट कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ५० अंशांच्या इंजिनांना ४६ टक्के ठेवले. त्या गाडीत इंजिन हाच चौकटीचा भाग होता. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाहीच. चौकट, कोन आणि गाडी कोणत्या वेगाने चालवायची यावर तो ठरतो. फक्त ९० अंशांच्या इंजिनात दोन्ही दिशांचे धक्के सारखे असल्याने निम्मे वजन तोलून हे प्राथमिक, म्हणजे दर फेरीला एकदा येणारे, बळ पूर्ण मिटते. १९६७ ची मोटो गुझ्झी व्ही७ आणि १९७१ ची डुकाटी ७५० जीटी त्याच वाटेने गेल्या.

प्रत्यक्ष काम तराजूपासून सुरू होते. रॉड आडवा धरून त्याचे मोठे टोक तराजूवर ठेवतात. जो आकडा येतो तो फिरणाऱ्या वजनात जातो. लहान टोकाचे वजन, पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि तिच्या क्लिपा ये-जा करणाऱ्या वजनात जातात. समजा दोन्ही सिलिंडर मिळून ये-जा करणारे वजन १,२०० ग्रॅम आणि फिरणारे ९०० ग्रॅम भरले. १,२०० चे ६० टक्के ७२०. त्यात ९०० मिळवून १,६२०. प्रत्येक चाकाच्या वाट्याला ८१० ग्रॅम. चाकाला पिनच्या जागी तेवढे वजन टांगून त्याचा शाफ्ट लेव्हलमध्ये लावलेल्या दोन धारदार पट्ट्यांवर ठेवतात आणि चाक मोकळे सोडतात. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिथे ड्रिल मारून थोडा धातू काढायचा, पुन्हा सोडायचे. चाक कुठल्याही स्थितीत जिथे ठेवावे तिथेच राहू लागले की काम झाले. घाईने मारलेले खोल छिद्र भरून काढणे अवघड, म्हणून शेवटचे काही ग्रॅम अगदी सावकाश काढावे लागतात.

हार्ले आणि इंडियनमध्ये एक रॉड दुसऱ्याच्या दुबेळक्यात बसतो. दोन्ही सिलिंडर त्यामुळे एकाच प्रतलात येतात आणि बाजूला डोलवणारे बळ उरत नाही. चाकेही जवळजवळ असतात. म्हणून यंत्रावर वेगाने फिरवून तपासण्याची सोय नसतानाही पट्ट्यांवरचा हा साधा तोल पुरत असे.

तोललेली चाके जोडल्यावर सरळ असावी लागतात. निमुळती क्रँकपिन नटांनी आवळल्यावर जोडी सेंटरांमध्ये धरतात आणि शाफ्टवर डायल गेज लावतात. काटा हलला की तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने काठावर नेमका ठोका देऊन चाक रेषेत आणतात. इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चूक उरली की चांगला कारागीर थांबतो. या पायरीवर आळस झाला तर आधीची सारी मेहनत वाया जाते.

१९५८ मध्ये सुरू झालेल्या एस अँड एससारख्या अमेरिकी कंपन्यांनी पुढे लांब स्ट्रोकची चाके बाजारात आणली. पिस्टनही बदलत गेले. प्रत्येक बदलाबरोबर जुना तोल मोडतो. हार्लेने २००० सालच्या सॉफ्टेलमध्ये तोल साधणारे वेगळे शाफ्ट घातले, पण जुन्या इंजिनांत तशी सोय नाही. असे इंजिन ज्यांच्या हाती आहे त्यांनी नवे पिस्टन बसवण्याआधी जुन्यांचे वजन करून लिहून ठेवावे, आणि फरक मोठा असेल तर चाके पुन्हा तोलून घ्यावीत.