सावकाराच्या वहीतून निघालेली संपत्तीची मोजणी

मराठवाड्यातल्या हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. तिथल्या परमेश्वराला आजही वाढोण्याचा परमेश्वर म्हणतात. ‘हिमायत’ हे निजामाच्या घरातले नाव. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याचा थोरला मुलगा हिमायत अली खान. फेब्रुवारी १९३७ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने या उस्मान अलीला मुखपृष्ठावर घेतले आणि जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटले. वाढोण्याचा शेतकरी त्या वेळी जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची रयत होता.

ती श्रीमंती मोजली कोणी? कोणीच नाही. सर्फ-ए-खास, म्हणजे ज्यांचा महसूल थेट निजामाच्या खासगी खजिन्यात जाई त्या जमिनी, जेकब हिरा, मोत्यांच्या राशी यांच्या कथा जोडून अंदाज बांधले गेले. त्याच साली, १९३७ मध्ये, त्याच राज्यात भरूचा नावाच्या अधिकाऱ्याचा दुसरा एक हिशेब छापून आला. विषय होता निजामाच्या मुलखातल्या शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा. राजाचा अंदाज, रयतेचा हिशेब. आपल्याकडच्या संपत्तीच्या मोजणीचे कूळ शोधायचे तर या दुसऱ्या कागदाच्या मागे जावे लागते.

मागे गेले की वाट पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला पोचते. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे लुटली. त्यांचा खरा रोख होता कर्जरोखे आणि वह्यांवर. हाती लागतील ते कागद जाळले. दंगा पुणे-नगरच्या गावांत पसरला आणि इंग्रजांनी आयोग नेमला. आयोगाने नगर जिल्ह्यातल्या १२ गावांची तपासणी केली. सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात, आणि एकेकाचे कर्ज सरासरी ३७१ रुपये, सरकारी शेतसाऱ्याच्या सुमारे १८ पट. कर्ज फिटेल की नाही हे ठरवायचे तर जमीन किती, गहाण किती, बैल किती हे विचारणे आलेच. घरातल्या मालमत्तेची यादी अशी कर्जाच्या पाठीवर बसून कागदावर आली. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्या आयोगाचे फळ. पण तो इंग्रजी मुलखापुरता. मराठवाडा निजामाकडे होता.

पुढे १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपाहणी केली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष, समितीत आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. ७५ जिल्हे, ६०० गावे, १,२७,३४३ कुटुंबे. शेतकऱ्याच्या कर्जातला सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, हे या पाहणीने दाखवले आणि सहकाराचे पुढचे सारे राजकारण त्या आकड्यावर उभे राहिले. पाहणीला मात्र साधारण दर दहा वर्षांनी येण्याची सवय लागली. नाव झाले अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणी. नावातही कर्ज आधी. शहरे तिच्या कक्षेत आली ती १९८१-८२ च्या फेरीत. म्हणजे तीस वर्षे खेड्यातली जनावरे मोजली गेली आणि मुंबईतले बंगले तसेच राहिले!

२०१९ च्या फेरीचे आकडे असे: ग्रामीण भागात वरच्या १० टक्के कुटुंबांकडे ५०.८ टक्के मालमत्ता, खालच्या निम्म्या कुटुंबांकडे १०.२ टक्के. शहरात ५५.७ आणि ६.२. वरच्यांचे हे आकडेही कमीच म्हणायचे. नमुन्यात अब्जाधीश सापडणे दुर्मीळ. सापडला तरी पाहणीवाल्याला फाटकाच्या आत कोण घेणार, आणि घेतले तरी शेअर्सची खरी किंमत कोण सांगणार? त्याआधीच्या, २०१३ च्या फेरीत तर घरातले सोने-नाणे विचारलेच नव्हते.

म्हणून अभ्यासकांना पुन्हा नियतकालिकाकडेच जावे लागते. २०२४ मध्ये नितीन भारती, लुका शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी २०२२-२३ साठी वरच्या एक टक्क्याचा संपत्तीतला वाटा ४०.१ टक्के काढला. त्यासाठी त्यांनी पाहणीच्या माथ्यावर ‘फोर्ब्स’ची श्रीमंतांची यादी बसवली. या पद्धतीवर आक्षेप घेता येतात. पण नियतकालिकाचा आधार न घेता हे काम करून दाखवा, असे आक्षेप घेणाऱ्यालाही सांगता येते.

श्रीमंताने आपली यादी आपणच सरकारला द्यावी, अशी सोय एकदा झाली होती. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये संपत्ती कर आला. कर नीट वसूल झाला नाही, पळवाटा भरपूर होत्या. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. २०१३-१४ ची वसुली होती १,००८ कोटी रुपये. त्याऐवजी एक कोटीच्या वरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार आला, म्हणजे मोजमाप संपत्तीवरून उत्पन्नावर सरकले. वसुलीच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा होता. मोजणीच्या दृष्टीने तो चुकलाच.