इष्ट असेल ते...

आमच्या शाळेत रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायची पद्धत होती. ज्याची पाळी असेल त्याने घरून शोधून आणायचा. बहुतेक जण आदल्या रात्री कॅलेंडरची मागची बाजू उलटून बघायचे. माझ्या पाळीला एकदा मी आगरकरांचं वाक्य लिहिलं, "इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार." निवडायचं कारण एकच, ते एका ओळीत मावत होतं!

तेव्हा खरं सांगायचं तर ते मला जरा मिळमिळीतच वाटलं होतं. टिळकांची स्वराज्याची गर्जना कुठे आणि हे कुठे? "साध्य असेल ते करणार" म्हणजे जमेल तेवढं करू, असंच ना? पहिल्या अर्ध्यात शूरपणा आणि दुसऱ्या अर्ध्यात पळवाट. ती समजूत जायला बरीच वर्षं लागली.

गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले. टिळकही त्याच वर्षीचे, त्याच जुलै महिन्यातले. घरी कमालीची गरिबी. एम. ए. करत असताना त्यांनी आईला कळवलं, की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामाला देणार आहे. हे पत्र वाचताना त्या माउलीला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे ते 'केसरी'चे पहिले संपादक झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. मग मतभेद झाले, १८८७ मध्ये 'केसरी' सुटला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतःचं 'सुधारक' काढलं. हे वाक्य त्या पत्राशी कायमचं जोडलं गेलं आहे.

'सुधारक'मधून ते बोलत काय होते? मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या, तेही एकत्र द्या. बालविवाह बंद करा. विधवांचं केशवपन थांबवा. आज यात कुणाला काही विशेष वाटणार नाही. त्या वेळच्या पुण्यात मात्र लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपलीच तिरडी रस्त्यातून चाललेली पाहायची आणि पुन्हा घरी येऊन पुढच्या अंकाचा मजकूर लिहायचा! बोलणं हे काम नव्हे असं म्हणणाऱ्यांनी एवढं एकदा डोळ्यांपुढे आणून बघावं.

आता 'साध्य' काय झालं ते बघू. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. आगरकर त्याच्या बाजूने होते. त्यातून मुलीचं संमतिवय किती वाढलं? १० चं १२. बस्स, दोन वर्षं. ज्यासाठी पुण्यात एवढं रण माजलं, मित्र कायमचे दुरावले, त्याचं फळ दोन वर्षं! १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले तेव्हा ते ३९ वर्षांचेही नव्हते. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते, आणि दम्याने शरीर पोखरलं होतं.

पण त्याच फर्ग्युसनमध्ये १८९१ पासून धोंडो केशव कर्वे गणित शिकवत होते. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, आणि १९१६ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ. लग्नाचं वय १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी १४ झालं आणि १९७८ मध्ये १८. एकाने जे इष्ट म्हणून सांगितलं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून, कितीतरी वर्षांनी साध्य झालं.

हे सगळं कोरडा इतिहास म्हणून मी वाचू शकत नाही, आणि का ते आमच्या घरच्यांना ठाऊक आहे. माजघरातला तो फोटो आठवतोय? पणजोबांची धाकटी बहीण, आपली सोवळी आत्या. तिचा जन्म १९०१ चा. म्हणजे 'सुधारक' निघाल्यानंतर १३ वर्षांनी. नवव्या वर्षी ती विधवा झाली आणि पुढची साठ वर्षं आलवणात राहिली. लहानपणी तिच्या डोक्यावरचा पदर कधी सरकत कसा नाही, याचं आम्हा पोरांना कुतूहल होतं. कारण कळलं तेव्हा ती नव्हती. आगरकरांचे शब्द पुण्याहून आमच्या गावी वेळेवर पोचले नाहीत. की पोचले होते, आणि घरात कुणी तोंड उघडलं नाही?

या दुसऱ्या शक्यतेनेच मला त्या वाक्याचा अर्थ शिकवला. आपण बहुतेक जण उलट वागतो. जे साध्य दिसतं तेवढंच बोलतो. "बोलून काय उपयोग, होणार आहे का ते?" असं म्हणतो आणि गप्प बसतो. आगरकर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला सांगतात. करण्याला हातातल्या बळाची मर्यादा असणारच, ती कबूल करण्यात कमीपणा नाही. पण ती मर्यादा जिभेला लावायची नाही. आज आपल्याला न जमणारी गोष्ट नीट बोलून ठेवली, तर ज्याला जमेल अशा कुणाच्या तरी कानावर ती पडते.

असो. आत्याचा तो फोटो आता माझ्याकडे आहे. मागे पुसट शाईत फक्त साल लिहिलंय. नाव लिहायचं कुणालाच सुचलं नव्हतं. परवा मी ते लिहिलं. एवढंच साध्य होतं.