टेप बदलणारा माणूस

मंडळी, या वीकेंडचा विषय ऐकायला एकदम रटाळ आहे. बॅकअप. ऑफिसातल्या शे-दीडशे मशीन्सवरचा डेटा रोज रात्री नेटवर्कवरून ओढायचा आणि टेपवर लिहायचा, बस्स. यात कसला आलाय इतिहास? मलाही तसंच वाटायचं. माझ्या पिढीने बॅकअप म्हणजे कुठल्यातरी डॅशबोर्डवरची हिरवी टिक एवढंच पाहिलंय. टेप हा प्रकार आमच्या लेखी गाण्यांच्या कॅसेटबरोबरच संपला. पण १९९३ सालचा एक पेपर हाती लागला आणि तो वाचताना लक्षात आलं, की या सगळ्या साखळीतला सर्वात कच्चा दुवा म्हणजे रोज संध्याकाळी आठवणीने टेप बदलणारा माणूस. आणि चांगलं बॅकअप सॉफ्टवेअर म्हणजे काय, तर या माणसाचा विसरभोळेपणा गृहीत धरून लिहिलेलं सॉफ्टवेअर.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

आयबीएमने १९५२ साली आपल्या ७०१ कॉम्प्युटरसाठी ७२६ नावाचं टेप युनिट आणलं. अर्धा इंच रुंदीची फीत, एका इंचात १०० अक्षरं, सेकंदाला ७५ इंच वेग. म्हणजे सेकंदाला साडेसात हजार अक्षरं! तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षं मामला सोपा होता. कॉम्प्युटर एक, खोली एक आणि त्या खोलीत पगारी ऑपरेटर. टेप लावणं-काढणं हे त्याचं कामच. त्यामुळे 'आज बॅकअप कोण घेणार' असा प्रश्नच पडत नसे.

पुढे युनिक्स आलं. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत डंप नावाची एक कमांड होती. तिच्या पुढच्या अवतारांमध्ये ० ते ९ अशा लेव्हल्स मिळाल्या. शून्य म्हणजे सगळंच्या सगळं उतरवा. त्यावरची लेव्हल म्हणजे तिच्यापेक्षा खालच्या लेव्हलचा शेवटचा डंप झाल्यापासून जे बदललं तेवढंच उतरवा. आणि कुठल्या दिवशी कुठली लेव्हल? तर बीएसडीच्या मॅन्युअलमध्ये चक्क ३ २ ५ ४ ७ ६ ९ ८ ९ ९ असा क्रम सुचवलेला आहे आणि त्याला नाव दिलंय सुधारित टॉवर ऑफ हॅनोई! (हो, इंजिनिअरिंगला रिकर्शन शिकताना ज्याने आपला छळ केला तोच.) यातली गंमत अशी की बरेचसे बदल दोन वेगवेगळ्या टेपांवर उतरतात. एक टेप खराब निघाली तरी दुसरी असते. आयडिया झकास, पण आज कितवी लेव्हल आणि कुठली टेप हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून कुणीतरी सांभाळायचं.

एका मशीनसाठी हे जमून जायचं. खरी पंचाईत झाली ती १९८० च्या दशकात, प्रत्येकाच्या टेबलावर वर्कस्टेशन आलं तेव्हा. प्रत्येक वर्कस्टेशनला आपापली डिस्क. ज्याची डिस्क त्याने बॅकअप घ्यावा, असं म्हणणं म्हणजे 'सोसायटीचा जिना ज्याने त्याने झाडावा' असं म्हणण्यासारखंच. कोणीही झाडत नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडीत आरडंप आला. त्याने एका मशीनवरची डिस्क दुसऱ्या मशीनला जोडलेल्या टेपवर नेटवर्कमधून उतरवता येऊ लागली. १९८७ मध्ये एक्साबाइट कंपनीने ८ मिलिमीटरच्या व्हिडिओ कॅसेटचं तंत्र वापरून २.३ गिगाबाइट मावणारा टेप ड्राइव्ह आणला. नंतरच्या मॉडेलमध्ये ५ गिगाबाइट मावू लागले. म्हणजे नेटवर्क आहे, खिशात मावेल अशी मोठी टेप आहे. मग अडलं कुठे?

अडलं ते वेगात. टेप ड्राइव्हला एकसारखा डेटा हवा असतो. तो मध्येच थांबला, तर ड्राइव्हला फीत थांबवावी लागते, थोडी मागे न्यावी लागते आणि पुन्हा वेग पकडून पुढे यावं लागतं. बूट पॉलिशवाल्याचं फडकं कसं मागेपुढे होतं, तशी फीत होत राहते, म्हणून याला शू-शायनिंगच म्हणतात. यात वेळ जातो आणि टेप झिजते ती वेगळीच. एकेक वर्कस्टेशन पाळीपाळीने डंप करायचं तर बिचाऱ्या जुन्या मशीनकडून डेटा यायचा करंगळीएवढ्या धारेने, आणि महागडा ड्राइव्ह बसायचा ताटकळत. शिवाय एक साधा हिशोब करा. ३५ गिगाबाइट डेटा आणि सेकंदाला ५०० किलोबाइट लिहिणारा ड्राइव्ह. एक क्षण न थांबता लिहिलं तरी १९ तासांच्या वर! रात्र एवढी मोठी नसते.

३५ गिगाबाइट हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क इथल्या कॉम्प्युटर सायन्स विभागाचा तो खरा आकडा आहे. १३० हून जास्त वर्कस्टेशन्स, ३३६ फाइल सिस्टिम्स, ३५ गिगाबाइट डेटा आणि या सगळ्यांसाठी ५ गिगाबाइटचा एकच टेप ड्राइव्ह. तरी रोजचा बॅकअप तीन-चार तासांत संपायचा. ही किमया ज्या सॉफ्टवेअरने केली त्याचं नाव अमांडा. पूर्ण नाव ॲडव्हान्स्ड मेरीलँड ऑटोमॅटिक नेटवर्क डिस्क आर्कायव्हर. जेम्स दा सिल्व्हा आणि ओलाफुर गुडमुंडसन यांनी १९९३ मध्ये माँटेरेला भरलेल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर लोकांच्या परिषदेत त्यावर पेपर सादर केला. सुरुवातीला म्हटलं तो पेपर हाच.

अमांडाच्या दोन युक्त्या सांगतो. पहिली कुठल्याही फ्लॅटवाल्याला लगेच समजेल. नळाला धार बारीक असेल तर आपण काय करतो? टाकी भरून घेतो आणि मग टाकीतून जोरात पाणी वापरतो. अमांडाने मध्ये एक मोठी डिस्क ठेवली, होल्डिंग डिस्क. बऱ्याच मशीन्सचे डंप एकाच वेळी, आपापल्या कूर्मगतीने, या डिस्कवर जमा व्हायचे. एखादा डंप पूर्ण झाला की तो तिथून टेपवर सुसाट वेगाने लिहिला जायचा. फीत थांबायचं कारणच उरलं नाही.

दुसरी युक्ती म्हणजे प्लॅनर. तोवरची रीत अशी की वीकेंडला सगळ्यांचा फुल बॅकअप आणि रोज थोडाथोडा. म्हणजे सगळी साफसफाई दिवाळीच्या आदल्या रविवारी. अमांडा म्हणते, सोमवारी माळा, मंगळवारी कपाटं, बुधवारी स्वयंपाकघर. ॲडमिनिस्ट्रेटरने फक्त एवढंच सांगायचं की किती दिवसांत प्रत्येक डिस्कचा एक फुल डंप झालाच पाहिजे. मग रोज रात्री प्लॅनर प्रत्येक मशीनला विचारायचा, तुझा डंप आज किती मोठा होईल? (यासाठी डंप कमांड खरंच सुरू करायची, तिने अंदाज छापला की लगेच तिचा गळा दाबायचा! जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं नाही.) आलेल्या आकड्यांवरून आज कोणाचा फुल आणि कोणाचा फक्त बदलांचा डंप, हे तोच ठरवायचा. रोजचा एकूण आकार साधारण सारखा राहील आणि एका टेपवर मावेल, असं बघायचा. भिंतीवरचं कॅलेंडर रिटायर झालं.

पण मला सर्वात आवडला तो भाग माणसाशी वागण्याचा. टेप तर माणसानेच बदलायची होती ना! अमांडाने प्रत्येक टेपवर इलेक्ट्रॉनिक लेबल लिहिलं. चुकीची टेप लावली तर ती त्यावर लिहायला साफ नकार द्यायची, म्हणजे कालचा चांगला बॅकअप पुसला जाणार नाही. दुपारी चारला वगैरे एक तपासणी चालवून ठेवायची पद्धत होती. आजची टेप लावलेली नसेल, तर माणूस घरी जायच्या आत त्याला मेल. तरीही तो विसरला तर? अमांडा रुसून बसत नसे. मोठे फुल डंप बाजूला ठेवून, फक्त बदल तेवढे होल्डिंग डिस्कवर गोळा करून ठेवायची आणि सकाळी रिपोर्टमध्ये सांगायची की बाबा रे, टेप लाव आणि हे उतरवून घे. कुठेही 'युजर एरर' म्हणून हात झटकणं नाही.

मात्र एक गोष्ट कुठलंच सॉफ्टवेअर माणसासाठी करू शकत नाही. ती म्हणजे रिस्टोअर करून बघण्याची खाज. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना कुणीतरी चुकून फाइली उडवणारी कमांड चालवली आणि पात्रं, सेट एकेक करून गायब व्हायला लागले. बॅकअप होता की! निदान सगळ्यांचा तसा समज होता. रिस्टोअर करायला गेल्यावर कळलं की बॅकअप नीट होतच नव्हता. शेवटी वाचवलं ते गॅलिन सुसमन यांच्या घरच्या मशीनने. नुकतंच बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि सिनेमाची एक कॉपी घरी होती. ते मशीन गाडीत घालून जपून स्टुडिओत आणलं गेलं. एवढ्या मोठ्या स्टुडिओचा सिनेमा तरला तो घरच्या एका कॉपीवर!

नंतरच्या वर्षांत हा धंदा प्रचंड वाढला आणि त्यात पुण्याचा हात चांगलाच आहे. नेटबॅकअप १९९७ मध्ये ज्या व्हेरिटासकडे आलं, तिचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर पुण्यात होतं. २००८ मध्ये तिथल्याच काही माजी मंडळींनी पुण्यात ड्रुवा सुरू केली, तीही बॅकअपसाठीच, फक्त टेपऐवजी पुढे क्लाउडवर. मग टेप मेली का? अजिबात नाही. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओच्या नवव्या पिढीच्या एका टेपवर १८ टेराबाइट मावतात. आणि फेब्रुवारी २०११ मधला जीमेलचा किस्सा तर मस्तच आहे. सॉफ्टवेअर अपडेटमधल्या एका बगमुळे गूगलच्या म्हणण्याप्रमाणे ०.०२ टक्के लोकांचे मेलबॉक्स रिकामे झाले. वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या कॉप्यासुद्धा त्याच बगने उडवल्या. मेल परत आली ती टेपवरून. का? तर टेप कपाटात असते, तिला बग चावत नाही. आज रॅन्समवेअरच्या जमान्यात हेच वाक्य लोक नव्याने पाठ करतायत.

जाता जाता अमांडाची एक शेवटची गोष्ट. ती टेपवर प्रत्येक डंपच्या आधी ३२ किलोबाइटचा एक हेडर लिहिते. त्यात साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की हा डंप अमुक मशीनच्या अमुक डिस्कचा, अमुक तारखेचा, आणि तो परत मिळवायला ही ही कमांड चालवा. ती कमांडही अमांडाची नाही, कुठल्याही युनिक्सवर सापडणारी. म्हणजे अमांडा चालवणारं मशीन जळालं, ती इन्स्टॉल करणारा माणूस नोकरी सोडून गेला, तरी नुसती टेप हातात असलेल्या अनोळखी माणसाला काम करता यावं.

तुमच्या ऑफिसात ही चिठ्ठी कुठे ठेवलेली आहे? सोमवारी गेल्यावर विचारून बघा. आणि 'बॅकअप आहे ना?' असं नका विचारू. त्याचं उत्तर सगळीकडे 'आहे की' असंच मिळतं. 'शेवटचा रिस्टोअर कधी केला होता?' असं विचारा.